बिनसाखरेचे लाडू

यवतमाळच्या बसस्थानकावर तेव्हा वजनाचं एक मशीन होतं. रंगीत दिवे, काचेमागे फिरणारी चकती, आणि नाणं टाकलं की खडखडत बाहेर येणारं पुठ्ठ्याचं तिकीट. तिकिटाच्या एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. त्या हिवाळ्यात मी त्या मशीनवर इतक्यांदा उभी राहिले की शेजारचा रसवंतीवाला मला बघून हसायला लागला. भविष्य दर वेळी झकास निघायचं. आपला स्वभाव उदार आहे, आपल्या हातून मोठे कार्य घडेल, वगैरे. वजन मात्र वाढलेलं निघायचं, आणि माझ्या हातून घडायचं ते कार्य नेमकं त्या वजनापाशीच अडून बसलं होतं.

कार्य हे की माझी एक किडनी मला धाकट्या भावाला द्यायची होती.

भाऊ कळंबजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रत बघायचा. चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची आणि धागा किती लांब निघेल ते सांगायचं, हे त्याचं काम. दिवसभर गंजीवर चढउतार, नाकातोंडात रुई. पण कापसाची ती वर्षं अशी गेली की जिनिंग दसऱ्यानंतर सुरू होऊन संक्रांतीच्या आत बंद पडायची. पाय सुजायला लागले तेव्हा तो म्हणाला, उभं राहून राहून सुजले. काम बंद झालं तरी सूज उतरेना, तेव्हा घाबरून तपासायला नेलं. दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या होत्या. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा यवतमाळला डायलिसिस.

किडनी द्यायला घरात आम्ही तिघी. मायचं वय आणि रक्तदाब आड आला. भावजयीचा रक्तगट जुळेना. माझं सगळं जुळलं. मी त्याच्याहून मोठी, नवरा वारलेला, मूलबाळ नाही, कळंबला तालुक्याच्या कचेरीत लिपिक. मी म्हटलं, झालं, काढा आणि द्या. मला कुठल्याही कामात घोळ आवडत नाही.

घोळ नागपूरला झाला. तिथले डॉक्टर शांतपणे म्हणाले, "बाई, जुळतंय सगळं. पण तुमची साखर काठावर आहे आणि वजन बरंच जास्त. आज मी तुमची एक किडनी काढली आणि उद्या तुम्हालाच मधुमेह झाला, तर उरलेल्या एकीवर तुम्ही काय करणार? दहा किलो कमी करा, साखर खाली आणा. मग तारीख देतो."

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, तुही किडनी मले बसवली तं मीबी तुह्यासारखा गरगरीत होईन काय?"

"होशील तं बरंच हाय," मी म्हटलं. "हाडं दिसून राह्यली तुही."

तो खूप हसला. त्याला दिवसाला मोजकंच पाणी प्यायची परवानगी होती, आणि हसून घसा कोरडा पडला की तो पाण्याच्या बाटलीकडे नुसता बघायचा. ते बघणं मला सोसायचं नाही.

आहाराचं सांगायला यवतमाळला एक तरुण बाई होती. तिनं माझ्या ताटातून भाकर, पोळी, भात, बटाटा, साखर, गूळ असं सगळं एका दमात काढून घेतलं. उरलं काय, तर अंडी, मटण, पनीर, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, थोडं तूप. मी विचारलं, "आणि चहा?" चहाशिवाय कचेरी कशी चालते हे मला ठाऊक नाही. ती म्हणाली, चहात गोड गोळी टाका. साबुदाण्याएवढी पांढरी गोळी, छोट्या डबीत भरलेली. डबीचं बूड दाबलं की टक् करून एक गोळी बाहेर.

ती गोळी म्हणजे शुद्ध फसवणूक. जिभेला पहिल्या घोटाला गोड लागतं, मग मागून एक कडवट चव येते आणि बराच वेळ तोंडात राहते. पोटाला मात्र काहीच पोचत नाही, म्हणून ते वाट बघत बसतं. चहा पिऊन मला आधीपेक्षा जास्त भूक लागायची. बिनभाकरीचं जेवण तर जेवणच वाटायचं नाही. वांग्याच्या भाजीचा रस्सा चमच्यानं प्यायचा, ही काय रीत झाली? पण मी नेटानं केलं. कचेरीत पायी जायचे, पायी यायचे, पाणी भरायचे, धुणं हातानं धुवायचे. महिनाभरात तीन किलो उतरलं. मशीनचं तिकीट मी भावाच्या हातात दिलं, तर त्यानं भविष्याची बाजू मोठ्यानं वाचली आणि डायलिसिसच्या खोलीतले सगळे पेशंट हसले.

मग मी रजा टाकली आणि गावी मायकडे राहायला गेले. भाऊ-भावजय तिथंच राहायचे. भावाला डायलिसिसला न्यायचं-आणायचं काम भावजयीला एकटीला झेपेना, तिची दोन लेकरं लहान होती. आणि खरं सांगायचं तर मला त्याच्याजवळ राहायचं होतं.

मायनं माझ्या हातातला झाडू त्याच दिवशी काढून घेतला.

तिचं म्हणणं साधं होतं. अंगातला अवयव काढून द्यायचा म्हणजे ते बाळंतपणच. बाळंतीण आधीपासून सांभाळावी लागते, तिला ओझं उचलू द्यायचं नाही, तिच्या अंगात ताकद भरायची. "रिकाम्या अंगानं देशीन काय त्याले?" ती म्हणायची. मला बादली उचलू द्यायची नाही, कपडे वाळत घालू द्यायची नाही. विहारात पौर्णिमेला जायचं तर शेजारच्या पोराला सायकलवर मला सोडायला सांगायची. आजूबाजूच्या बायाही तिच्याच बाजूच्या. मी ओट्यावर जरा उभी दिसले की कुणीतरी ओरडायची, "बस वं बाई, तुले कायले पाहिजे काम!" आठवड्यातले दोन दिवस मी डायलिसिसच्या खोलीत खुर्चीवर बसलेली, उरलेले मायच्या बाजेवर. आयुष्यात मी इतकी कधी बसले नव्हते.

आणि लाडू. दिवाळीच्या सुमाराला मायनं डिंकाचे लाडू करायचे ठरवले, बाळंतिणीला करतात तसे. डिंक, खोबरं, खारीक, शेंगदाणे, तूप, चवीला मेथी. मी म्हटलं, माय, गूळ चालत नाही मला. तर म्हणाली, "मले माहीत नाई काय? तुह्या त्या गोड पावडरीचे करतो. डबे आणून दे." गोळीची पावडरही मिळायची, डब्यात. मी यवतमाळहून तीन डबे आणून दिले. खारकेचं मनात आलं, पण मायनं "नखाएवढी घालतो" म्हटलं आणि मी ते सोडून दिलं. एवढ्या दिवसांनी तोंडाला काही गोड लागणार, या आनंदात मी त्याच रात्री पहिला लाडू खाल्ला. कडू मेथी, भाजलेल्या डिंकाची कुरकुर, आणि गोड. मायेनं केलेलं गोड. बिनसाखरेचा लाडू, म्हणून दुसराही घेतला.

वजन आधी थांबलं. मग वाढायला लागलं. पहिल्यांदा मला वाटलं मशीन बिघडलं. पलीकडच्या औषधाच्या दुकानात काटा होता, त्यानंही तेच सांगितलं. मी तूप बंद केलं, मटण बंद केलं, रात्रीचं जेवण अर्ध्यावर आणलं. अर्ध्या जेवणावर भूक भागायची नाही, मग माय म्हणायची, "लाडू खाय ना, बिनसाखरेचाच हाय." मी खायचे. पुढच्या महिन्यात नागपूरला रक्त दिलं तर साखर आधीपेक्षा वर गेलेली. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि विचारलं, "खरं सांगा, काय खाता?"

माझं डोकंच सणकलं. मी त्यांना काहीच्या बाही बोलले. चार महिने भाकरीला शिवले नाही, आणि तुम्ही मला खोटारडी ठरवता? शेजारी भाऊ बसला होता. त्याच्या मानेजवळ डायलिसिसची नळी घातलेली, तिच्यावर पट्टी. परतीच्या बसमध्ये तो खिडकीकडे बघत म्हणाला, "ताई, तुले नसंन द्यायची तं सांग. मी नाई राग मानत." तो एवढ्या सरळपणे म्हणाला की मला रडता पण आलं नाही. त्याला वाटत होतं मी घाबरले आहे आणि मुद्दाम खाते आहे.

बाकी सगळं मी सोडलं होतं, उरले होते ते लाडू. घरी पोचले तशी मी तडक स्वयंपाकघरात गेले. दुपारची वेळ, माय शेजारी गेली होती. लाडवांचा डबा फळीवर होता, पाण्यानं भरलेल्या ताटलीत ठेवलेला. गुळाचा डबा तसाच ठेवतात, मुंग्या लागू नयेत म्हणून. आमच्या घरात माझ्या गोळ्या कितीदा सांडल्या असतील, पण मुंगीनं त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. मुंगीला फसवता येत नाही. आता खोबऱ्यालाही मुंग्या लागतात हे मला कळतं, तरी ती ताटली बघून मी तिथंच थबकले. मग पिठाची कोठी पुढे ओढली. मागे पावडरीचे तिन्ही डबे एकावर एक ठेवलेले होते. तिन्हींची झाकणं सीलबंद.

माय आली तेव्हा ते डबे मी चुलीपुढे मांडून ठेवले होते. तिनं पाहिलं आणि खाली बसली. मला वाटलं आता म्हणेल, मी विसरले, मला कळलं नाही, पावडर चांगली वळेना म्हणून गूळ घातला. यातलं काहीही म्हणाली असती तर मी तिच्यावर चिडून, ओरडून मोकळी झाले असते.

ती म्हणाली, "गूळच हाय. पहिल्या दिवसापासून."

"काहून माय?"

"तुलेबी कापतीन, त्यालेबी कापतीन. दोघंही एकाच दिवशी टेबलावर." ती माझ्याकडे बघत नव्हती. "तो तं जाऊनच राह्यला. मले दिसून राह्यलं ना, मी काय आंधळी हावो? आन् तू चांगलीचुंगली. एक तं राहू दे मले."

मी आयुष्यात मायवर हात उगारला नाही, पण त्या दिवशी हात शिवशिवला. मी तिला म्हटलं की तो अजून जिवंत आहे. तुझ्या पोटचा आहे. डॉक्टर म्हणतात वाचेल, आणि तू त्याला जिवंतपणी सोडून दिलंस. ती म्हणाली, "तुले लेकरू नाई. तुले नाई कळत." हे तिनं म्हणायला नको होतं. मी डबा उचलला आणि बाहेर पडले. तीन घरं सोडून एका घरची सून त्याच आठवड्यात बाळंत झाली होती. लाडू तिच्या सासूच्या हातात दिले. निदान ज्या कामासाठी असतात त्या कामी आले.

भावाला मी यातलं काही सांगितलं नाही. तेवढंच सांगितलं, "मी देणार हाय. तू वाट पाह्य फक्त."

नाल्यापलीकडे आमचा थोडा कोरडवाहू तुकडा होता, बटईनं, अर्ध्या वाट्यावर कसायला दिलेला. त्या वर्षी भाव असा पडला की वेचणीची मजुरी निघेना. बटईवाल्यानं पहिली वेचणी काढली आणि बाकी कापूस झाडावर सोडून दिला. आमचंच शेत नाही, शिवारात जिथं तिथं असंच. बोंडं फुटून कापूस लोंबत होता आणि त्याला कुणी हात लावत नव्हतं. मी रोज सकाळी तिकडे जायला लागले. कमरेला ओटी बांधायची आणि झाडांचं एक तास, एक ओळ धरून पुढे सरकायचं. वाकायचं, वेचायचं, ओटी भरली की बांधावर रिकामी करायची, पुन्हा वाकायचं. सुकलेल्या बोंडांची टोकं नखात शिरायची. पहिल्या दिवशी मी चार झाडांमागे एकदा उभी राहून कंबर धरत होते. लोक येता-जाता विचारायचे, "बाई, विकतं कोण घेणार हाय हा?" मी म्हणायचे, कोणी नको घेऊ दे. मला त्या कापसाशी काही घेणं नव्हतं.

सोबत दोन अंडी आणि पालेभाजी असायची. गोड गोळ्यांची डबी मी फेकून दिली. चहा घ्यायचा तर फिका. जिभेला एकदा कळलं की आता गोड येणार नाही, मग तिनं मागणं सोडलं आणि भूकही ताळ्यावर आली. हे त्या आहारवाल्या बाईनं आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण तिला तरी काय माहीत, माझ्या घरात गोडावर काय चाललं होतं.

माय आणि मी एकाच घरात राहत होतो आणि बोलत नव्हतो. संक्रांतीनंतर एके दिवशी मी शेतात वाकलेली असताना शेजारच्या तासात कुणीतरी आलं. वर पाहिलं तर माय. तिच्या गुडघ्यांना चालणं झेपत नव्हतं, तरी नाला ओलांडून आली होती. लुगड्याचा पदर कमरेला खोचून तिनं वेचायला सुरुवात केली. ऊन चढेपर्यंत आम्ही दोघी शेजारशेजारच्या तासांत पुढे सरकत राहिलो. शेवटी ती म्हणाली, "होऊ दे तुह्या मनासारखं." मी बरं म्हटलं. तिला पाणी दिलं.

होळीच्या आसपास मी नागपूरला काट्यावर उभी राहिले. दहापेक्षा जास्तच उतरलं होतं, साखर खाली आली होती. डॉक्टरांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही करून दाखवलंत." मागच्या खेपेला मी काय काय बोलले होते ते त्यांनी काढलं नाही. तारीख मिळाली. बसस्थानकावर उतरल्यावर भावानं स्वतःच्या खिशातून नाणं काढून मशीनमध्ये टाकलं, मला चढवलं, आणि तिकिटाच्या मागचं भविष्य वाचून दाखवलं. काय होतं ते आठवत नाही. त्याचं हसणं आठवतं.

तारखेला थोडे दिवस उरले असताना त्याला थंडी वाजून ताप भरला. मानेतल्या नळीतून जंतू रक्तात गेले होते. नागपूरला नेलं. उन्हाळा नुकता तापायला लागला होता. मला दिलेली तारीख उजाडली तेव्हा तो आमच्यात नव्हता.

मी डॉक्टरांना विचारलं, चार महिने आधी झालं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. नवी किडनी बसवलेल्यालाही असे ताप येतात. त्यांनी हे मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की ते खरंच होतं, मला कळायला मार्ग नाही. मायला मी ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

पुढे मी तिला कळंबला माझ्याकडे आणलं. वर्षभरानं असेल, आम्ही दोघी यवतमाळला तिचे डोळे दाखवायला निघालो होतो. कळंबच्या स्टँडवर जुन्या कचेरीतली एक बाई भेटली. मला बघून तिनं तोंडावर हातच ठेवला. "अहो, किती बारीक झालात! काय केलं? मला पण सांगा ना, माझं काही केल्या उतरत नाही." असं विचारणाऱ्या तेव्हा पुष्कळ भेटायच्या. मी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं, भाकर सोडली, रोज चालते.

माझ्या आधी माय बोलली. "भावाले किडनी द्याले केलं तिनं. चार महिने पहिलेच झाली असती बारीक. मी नाई होऊ देली."

बाईला काही उमगलं नाही. ती माझ्याकडे बघायला लागली, मग मायकडे. तेवढ्यात बस लागली. मायला पायरी चढवेना, मी मागून तिला आधार दिला, जागा धरली, खिडकीशी बसवलं. गाडी स्टँडबाहेर पडल्यावर ती म्हणाली, "तू मले बोलत काहून नाई? शिव्या दे, काही बोल."

"तुले एक पाहिजे होतं ना, माय," मी म्हटलं. "हाव ना मी."

हे मी मायेनं म्हटलं की रागानं, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. तिनं माझा हात धरला आणि यवतमाळ येईपर्यंत सोडला नाही.